दहा पॉइंट चार

अण्णा म्हणत होते, दिवा मंद झालाय.
आम्ही म्हणत होतो, डोळे.

सहा महिने हाच वाद, जेल रोडच्या दोन खोल्यांत.
सुरू भाजीवरून होवो की वीजबिलावरून,
थांबायचा येऊन गाडीपाशी.
एकतीस वर्षं नोट प्रेसमध्ये
कागद उजेडासमोर धरून चुका शोधलेला माणूस.
त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं
की आता चूक कागदात नाही.

मी अंबडला पॅनल वायरिंग करते.
दिवसाला चाळीस रिले बोटांखालून जातात,
फेरूल, लग, नंबर, स्क्रू, टिक.
म्हटलं, रविवारी मीटरच लावते, एकदाचा निकाल.
निकाल मनात आधीच लिहून ठेवला होता.

बॅटरीवर बारा पॉइंट सहा.
बल्बच्या पिनेवर दहा पॉइंट चार.

प्रोब पुसले. परत लावले.
दहा पॉइंट चार.

अण्णा बोलले काहीच नाहीत.
चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले
सावकाश, जिंकलेला माणूस पुसतो तसा.

दोन पॉइंट दोन व्होल्ट, मग गेले कुठे?
वाटेत गळले.
बॅटरीपासून स्टिअरिंगखालच्या स्विचपर्यंत
आणि तिथून परत पुढं, शेवयांएवढ्या तारेतून;
हिरवट पडलेल्या जोडावर थोडे,
काळवंडलेल्या स्विचच्या पोटात थोडे.
हातात येईपर्यंत पगार कापला जावा तसे,
पावती नाही, तक्रार नाही.

स्विच उघडला तर चटका बसला बोटाला.
पंचवीस वर्षं सगळा भार अंगावरून नेत होता.
म्हटलं, ह्याच्याकडे नुसतं हो म्हणायचं काम ठेवू,
ओझं रिले उचलेल.
अण्णांना लगेच पटलं:
साहेबानं सही करायची, पोती हमालानं.

बॅटरीला खेटून फ्यूज,
मग जाड लाल वायर, बाजारातली चांगल्यातली,
एक रिले अप्परला, एक डिपरला.
अर्थ थेट बॉडीला. तिथला रंग अण्णांनी
पॉलिश पेपरनं खरवडला, पत्रा हसेपर्यंत.
गायधनी काका गॅलरीतून: शंभरचे बल्ब टाकताय का?
नाही हो काका, तेच जुने.
त्यांना पोटभर वाढतोय फक्त.

रात्री नऊला सिन्नरच्या रस्त्यानं.
तूच चालव, म्हणाले अण्णा, मला बघू दे.
शिंदे, पळसे, ऊस, मग निव्वळ काळोख
आणि मोहदरी घाटात पांढरी रेघ
कुणी आत्ताच ओढून गेल्यासारखी.
दगडावर चुन्यानं लिहिलेलं कुणाचं तरी प्रेम,
कांद्याची बिनदिव्याची ट्रॉली, केवढ्या लांबून!
अण्णा वाचत सुटले मोठ्यानं,
किलोमीटरचा दगड, टायरवाल्याचा फोन नंबर,
एकही आकडा न सोडता.

वळणावर समोरून टेम्पो.
आम्ही डिपरवर, तरी त्यानं अप्पर मारला,
एकदा, दोनदा, मग खिडकीतून शिवी.
बरोबर आहे त्याचं, अण्णा म्हणाले,
त्याच्या डोळ्यात गेला आपला उजेड.

घाट चढल्यावर बंद ढाब्याची भिंत होती.
गाडी भिंतीकडे तोंड करून लावली,
मी बॉनेटखाली स्क्रू ड्रायव्हर घेऊन,
अण्णा भिंतीला पाठ लावून, तळहात आडवा धरून:
इथं आण. अजून खाली. छातीवर नको, कमरेखाली.
उजेड त्यांच्या गळ्यावरून, बटणांवरून
उतरत गेला एकेक आटा.

मग हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं,
दिव्याभोवती कडं दिसतं का गं तुला? रंगीत?
नाही, म्हटलं.
रातकिडे. लांब कुठंतरी ट्रकचा ब्रेक.

मला दिसतं, म्हणाले.
आणि थोड्या वेळानं,
डावा दिवा अजून अर्धा आटा खाली घे.